मधमाशीचे जीवन : खेड्यातील मुलांस काय सांगावे?

खेड्यातील मुलास मधमाशी अपरिचित नसते. पण ही ओळख बहुधा दोनच प्रसंगी झालेली असते. एकदा ती चावली म्हणून, आणि एकदा कोणी रानातून आणलेल्या पोळ्याचा तुकडा चघळावयास मिळाला म्हणून. या दोहोंच्या मधल्या गोष्टी, म्हणजे ही माशी राहते कोठे, खाते काय, दिवसभर कोणती कामे करते, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. परिणामी वडाच्या फांदीस लोंबणारे आग्या मोहोळ दिसताच पहिला दगड मुलाच्याच हातून सुटतो, आणि तोच मुलगा पुढे कर्ता झाला की भर फुलोऱ्यात, भर सकाळी पिकावर कीटकनाशक फवारतो. दगडाने गावात दोन-चार माणसे दवाखान्यात जातात. फवाऱ्याने सबंध शिवारातील मधमाश्यांची वस्ती उठते. गावपातळीवरील कार्यकर्त्यास शाळेत किंवा अंगणवाडीत चार शब्द सांगण्याचा प्रसंग वरचेवर येतो. अशा वेळी उपयोगी पडेल, व शेतकरी पालकांसही घरी मुलांस सांगता येईल, अशी माहिती पुढे दिली आहे.

आरंभ तक्त्यावरील चित्राने करू नये. मुलांस प्रत्यक्ष माशी दाखवावी. पाणवठ्याच्या कडेची ओली माती, परसातील भोपळ्याचा वेल, बांधावरील बोर, फुलावर आलेले सूर्यफुलाचे शेत, यांपैकी काहीही चालेल. पोळ्यापासून दूर, फुलावर किंवा पाण्यावर आलेली माशी आपण होऊन कोणास डंख करीत नाही. तिच्यावर हात अथवा पाय पडला तरच करते. म्हणून मुलांस दोन हात अंतरावर शांत बसवून पाहू द्यावे. प्रश्न मात्र आपण विचारावेत. पंख किती? पुष्कळ मुले दोन म्हणतील. ते चार असतात, पण उडताना पुढचा व मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकत असल्यामुळे दोनच भासतात. पाय किती? सहा. मागच्या पायांवर पिवळे गोळे दिसतात ते काय? मुले म्हणतील, मध. तो मध नव्हे. ते पराग होत, आणि ते वाहून नेण्यासाठी मागील पायांवर राठ केसांनी वेढलेली खोलगट जागा असते. मध करण्याचा रस तर पोटात जातो, तो बाहेरून दिसत नाही. डोळ्यांचा प्रश्न शेवटी विचारावा. दोन मोठे डोळे सर्वांस दिसतात, पण माथ्यावर आणखी तीन बारीक डोळे असतात, म्हणजे एकूण पाच. हे ऐकून मुले हटकून पुन्हा माशीजवळ जातात.

गावात आढळणाऱ्या माश्या

सर्व मधमाश्या एक नव्हेत, हे मुलांस प्रथमच स्पष्ट सांगावे, कारण त्यात त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सर्वांत मोठी ती आग्या. ती उंच झाडावर, कड्यावर, पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीस एकच मोठे उघडे पोळे लावते आणि त्यावर माश्यांचा जाड पडदा लटकलेला असतो. ही माशी ऋतुमानाप्रमाणे गावे बदलते व पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच झाडावर परत येते. चांदण्या रात्रीही ती फुलांवर जाते. चवताळली असता ती दूरवर पाठलाग करते. म्हणून आग्या मोहोळ मुलांनी लांबूनच पाहावयाचे. दुसरी फुलोरी. ही सर्वांत लहान. तळहाताएवढे एकच पोळे झुडपाच्या काटकीस लावून राहते. तिसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, जुन्या वारुळात, भिंतीच्या पोकळीत, अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. अंधारात व अनेक पोळी बांधून राहण्याच्या याच सवयीमुळे ती लाकडी पेटीत पाळता येते. आग्या व फुलोरी पाळता येत नाहीत. यांखेरीज भिंतींच्या भेगांतून राहणारी, डंखहीन अशी अगदी बारीक काळी पोयाची माशी आहे. अलीकडे पेट्यांतून दिसणारी जरा मोठी, पिवळसर माशी युरोपीय जातीची असून ती १९६० नंतरच्या काळात उत्तर भारतात स्थिरावली व तेथून इतरत्र नेण्यात आली.

पुढील वर्णन मुख्यतः सातेरीचे आहे, कारण सह्याद्रीच्या परिसरात हीच आपली घरची माशी होय.

राणी राज्य करीत नाही

सातेरीच्या एका वसाहतीत साधारणतः दहा ते वीस हजार माश्या असतात. हंगामाप्रमाणे ही संख्या कमीअधिक होते. त्यांत राणी एकच, नर काही शेकडा आणि बाकीच्या सर्व कामकरी. या मोठ्या माशीस प्राचीन लोक राजा समजत. ती मादी आहे, तिच्या पोटात अंडकोश आहेत, हे सतराव्या शतकात हॉलंड देशातील यान स्वामरडाम याने तिचे विच्छेदन करून दाखविले, तेव्हा कोठे राजाची राणी झाली. तथापि राणी हे नावही मुलांची दिशाभूल करणारेच आहे. ती हुकूम करीत नाही, न्याय देत नाही, कोणास कामास लावीत नाही. तिचे काम अंडी घालण्याचे, व बहराच्या दिवसांत ती एका दिवसात कित्येक शेकडा अंडी घालते. तिच्या अंगास एक विशिष्ट गंध असतो. तिची सेवा करणाऱ्या माश्यांकडून तो साऱ्या पोळ्यात पसरतो, आणि तो आहे तोवर वसाहत निर्धास्तपणे काम करते. राणी मेली किंवा हरवली तर काही तासांतच माश्यांस ते कळते व पोळ्यातील आवाज बदलतो. अनुभवी मधपाल हा आवाज पेटीस कान लावून ओळखतो.

नर आकाराने जाड, रंगाने काळा व डोळ्यांनी मोठा असतो. त्यास डंख नाही, पराग आणण्याची सोय नाही. तरुण राणी उंच हवेत उडत असता तिच्याशी संयोग करणे एवढेच त्याचे काम, आणि ते होताच तो मरतो. राणी आयुष्याच्या आरंभी अशा उड्डाणांत अनेक नरांशी संयोग करते व त्यांचे बीज पोटातील पिशवीत जन्मभर साठवून ठेवते. यापुढे ती ज्या अंड्यास बीज लावील त्यातून मादी निपजते, न लावील त्यातून नर. बापावाचून नर जन्मतो, ही गोष्ट सायलेशियातील योहान झिर्झोन या धर्मोपदेशकाने १८४५ साली मांडली, तेव्हा ती विद्वानांसही खरी वाटेना. अन्नाची टंचाई पडली म्हणजे कामकरी माश्या नरांस हाकलून देतात. येथे मुले बहुधा नराची बाजू घेतात. त्यांस घेऊ द्यावी.

अंड्यापासून माशीपर्यंत

पोळ्याचे प्रत्येक घर सहा बाजूंचे असते. राणी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक असे पांढरे अंडे उभे चिकटविते. तीन दिवसांनी त्यातून अळी निघते. अळीस पाय नाहीत, डोळे नाहीत. तिला फक्त भूक असते. पहिले सुमारे तीन दिवस सर्व अळ्यांस दाई माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारे दुधासारखे अन्न मिळते. पुढे कामकरी व्हावयाच्या अळीस पराग व मध यांचे मिश्रण देण्यात येते, आणि जिची राणी करावयाची तिला शेवटपर्यंत ते दुधाळ अन्न, म्हणजे राजान्न, भरपूर दिले जाते. बीज तेच, अंडे तेच. केवळ खाऊपिऊ घालण्याच्या भेदाने एक सहा आठवडे जगणारी कामकरी होते, तर दुसरी दोन-तीन वर्षे जगून हजारो अंडी घालणारी राणी होते. जनावरांच्या खुराकाविषयी शेतकऱ्यास चार गोष्टी सांगावयाच्या असतील तर याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

अळी वाढली की माश्या घराचे तोंड मेणाने बंद करतात. आत ती कोशावस्थेत जाते व यथाकाल झाकण कुरतडून माशी बाहेर पडते. सातेरीच्या बाबतीत अंड्यापासून माशी होण्यास राणीस सुमारे १५ ते १६, कामकरीस १८ ते २० व नरास २४ दिवस लागतात. शाळेत दिनदर्शिका असतेच; अंडे घातल्याचा दिवस आज धरून मुलांस तिन्ही तारखांवर खूण करावयास लावावी. कोंबडीचे पिलू २१ दिवसांनी निघते हे त्यांस ठाऊक असते, तेव्हा ताडा आपोआप जमतो.

कामकरीचे आयुष्य

जन्मल्यावर तिला विश्रांती नाही. पहिले दोन-तीन दिवस ती ज्या घरातून निघाली तशी रिकामी घरे चाटून साफ करते, कारण अस्वच्छ घरात राणी अंडे घालीत नाही. त्यानंतर ती दाई होते व अळ्यांस भरविते. एका अळीस दिवसाकाठी अनेक वेळा पाहावे लागते. पुढे तिच्या पोटाच्या खालच्या बाजूस असलेल्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून मेणाचे पातळ पापुद्रे सुटू लागतात; ते चावून मऊ करून ती पोळे बांधते. मग बाहेरून आलेल्या माश्यांकडून रस उतरवून घेणे, पराग घरात ठासून भरणे, मेलेल्या माश्या बाहेर टाकणे, दारावर पहारा करणे ही कामे येतात. तीन आठवड्यांच्या सुमारास ती बाहेरच्या कामास निघते आणि पंख फाटेपर्यंत तेच करीत राहते. बहराच्या दिवसांत तिचे एकंदर आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास असते; काम कमी असलेल्या दिवसांत ती अधिक जगते. कामांचा हा क्रम वयाने ठरतो खरा, पण तो ताठर नाही. दाया कमी पडल्या तर मोठ्या माश्या पुन्हा अळ्यांकडे वळतात. बाहेर जाणाऱ्या माश्या विषारी फवाऱ्याने एकाएकी मेल्या तर कोवळ्या माश्यांस अकाली बाहेर पडावे लागते, व मग आतील अळ्या उपाशी राहतात. फवाऱ्याचे नुकसान शेतात मेलेल्या माश्या मोजून कळत नाही, ते असे.

उन्हाळ्यात पेटीच्या दाराशी काही माश्या एका ओळीत उभ्या राहून पंख हलविताना दिसतात. त्या वारा घालीत असतात. पिलाव्याच्या भागात उष्णता ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखावी लागते. उकाडा वाढला तर माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात व पंखांनी वारा घालून ते वाळवितात. माठाचे पाणी थंड होते त्याच न्यायाने पोळे थंड होते. सातेरी वारा घालताना तोंड बाहेर व पाठ दाराकडे करून उभी राहते. युरोपीय माशी तोंड आत करून. दोन्ही जातींच्या पेट्या जवळपास असतील तर मोठ्या मुलांस हा भेद शोधावयास लावावा.

मध कसा होतो

फुलातील गोड पाणी म्हणजे मध नव्हे. तो मकरंद, त्यात पाण्याचा अंश पुष्कळ. माशी तो सोंडेने ओढून पोटातील वेगळ्या पिशवीत आणते. ही पिशवी तिच्या जठराहून निराळी असल्यामुळे माशीने ओकलेले अन्न असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. घरी आल्यावर ती तो रस दुसऱ्या माशीच्या तोंडी देते, ती तिसरीच्या. या देवघेवीत माश्यांच्या शरीरातील पाचक रस त्यात मिसळून साखरेचे रूप पालटते. मग तो घराघरांत थेंबाथेंबाने ठेवून रात्रभर वारा घालून आटविला जातो. पाण्याचा अंश एक पंचमांशावर, म्हणजे शेकडा २० च्या आसपास, उतरला की घरास मेणाचे झाकण बसते. झाकण बसलेला मध पक्का. त्यापूर्वी काढलेला कच्चा, व तो आंबतो. एका कामकरी माशीच्या जन्मभराच्या कष्टाचा मध चहाच्या एका चमच्याचा लहानसा अंशही भरत नाही. हे सांगताना चमचा हाती धरून दाखवावा.

पराग हे माश्यांचे डाळीसारखे अन्न होय व मध हे भाकरीसारखे. अळ्या वाढविण्यास पराग लागतो, उडण्यास मध. एकाची रेलचेल असून दुसरे नसेल तर वसाहत वाढत नाही.

माशीची भाषा

मुलांस सर्वांत अधिक नवल या भागाचे वाटते, म्हणून त्यास वेळ द्यावा. एखाद्या माशीस फुललेले शेत सापडले तर थोड्याच वेळात तेथे शेकडो माश्या कशा पोहोचतात? ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा माग काढला, आणि या कार्याबद्दल १९७३ साली त्यांस दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखविले की, परतलेली माशी अंधाऱ्या पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर नाचते. फुले अगदी जवळ असतील तर ती नुसती गोल फिरते. दूर असतील तर ती पोट थरथरवीत सरळ रेषेत धावते, वळसा घेऊन मागे येते, पुन्हा तीच रेषा धावते, आणि दुसऱ्या बाजूने वळसा घेते. रेषा सरळ वर गेली तर अर्थ असा की, सूर्याच्या दिशेने जा. खाली आली तर सूर्याकडे पाठ करून जा. उभ्या रेषेपासून जितकी उजवीकडे कलती, तितके सूर्याच्या उजवीकडे वळा. थरथरत धावण्यास जितका अधिक वेळ, तितके अंतर अधिक. पोळ्यात उजेड नसतो. इतर माश्या शृंगिकांनी तिला स्पर्श करून हे समजून घेतात, व तिच्या अंगास आलेल्या वासावरून कोणते फूल हेही जाणतात.

मार्टिन लिंडावर या त्यांच्या शिष्याने श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनात, जाऊन आपल्याकडीलच माश्यांचे अवलोकन केले. फुलोरी उघड्यावर राहते व पोळ्याच्या माथ्यावरील सपाट भागावर नाचते. तिला उभ्या रेषेचा हिशेब करावा लागत नाही, ती सरळ फुलांच्या दिशेकडेच धावून दाखविते. सातेरी अंधारात राहते म्हणून तिला वरच्या दिशेस सूर्य मानण्याची युक्ती लागते.

याचा खेळ करता येतो. सकाळी किंवा दुपारनंतर चारच्या पुढे, सूर्य कललेला असता, मुलांस पटांगणात न्यावे. एका मुलाने पटांगणाच्या कडेस बोरांची पुडी लपवावी व परत येऊन उभ्या फळ्यावर खडूने एकच रेषा ओढावी. फळ्याची वरची बाजू म्हणजे सूर्य, असा नियम. इतरांनी त्यावरून दिशा ओळखून पुडी शोधावी. सूर्याकडे टक लावून पाहावयाचे नाही, सावलीवरून त्याची दिशा ठरवावयाची, अशी ताकीद आधी द्यावी. दुसरी-तिसरीच्या मुलांसही हा खेळ दोन-तीन प्रयत्नांत साधतो, आणि त्यानंतर माशीस अक्कल नाही असे कोणी म्हणत नाही.

माशीस तांबडा रंग ओळखता येत नाही. तो तिला काळसर दिसतो. उलट आपल्या डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. आपणास सबंध पिवळ्या दिसणाऱ्या सूर्यफुलाच्या पाकळ्या तिला टोकास उजळ व बुडाशी गडद दिसतात, जणू वाट दाखविण्यासाठी कोणी वर्तुळ आखले आहे.

डंख व शत्रू

कामकरीच्या डंखास उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत तो अडकतो, माशी निसटताना विषाच्या पिशवीसह तुटून मागे राहतो व माशी मरते. तुटलेला डंख काही काळ विष सोडीतच असतो. म्हणून तो नखाने खरवडून किंवा ओढून, पण ताबडतोब काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो व तो इतर माश्यांस हल्ल्याची सूचना देतो. त्या जागी उभे राहू नये. जागा साबण-पाण्याने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. धाप लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसल्यास, किंवा मुलास एकाच वेळी अनेक डंख झाले असल्यास, घरगुती उपचारांत वेळ न घालविता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आग्या उठली तर उभे राहून हात झाडू नयेत. डोके व तोंड कापडाने झाकून धावत घर किंवा वाहन गाठावे व दार लावून घ्यावे. विहिरीत किंवा नदीत उडी टाकणे धोक्याचे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात. झाडाखाली जाळ, धूर किंवा फटाके करू नयेत.

सातेरीचा मोठा शत्रू गांधीलमाशी. ती दारावर टपून एकेक माशी उचलते. एकट्या डंखाने तिचे काही बिघडत नाही, कारण तिचे कवच जाड. मग शेकडो माश्या तिला वेढून चेंडू करतात व छातीचे स्नायू थरथरवून आतील उष्णता ४५ अंशांच्या आसपास नेतात. गांधीलमाशी त्या उष्म्याने मरते. सातेरी त्याहून थोडा अधिक उष्मा सोसते, आणि या थोड्याशा फरकावर तिचे संरक्षण अवलंबून आहे. मेणकिडा व मुंग्या यांपुढे मात्र ती पुष्कळदा हार खाऊन घर सोडून जाते. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. या रोगात अळ्या कोश होण्यापूर्वीच पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरतात.

वेलीवरील प्रयोग

माशी मकरंदासाठी फुलात शिरते, अंगावरील केसांस पराग लागतो, व त्याच जातीच्या पुढच्या फुलात तो पडतो. एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीची फुले घेते, हे विशेष. सांगण्यापेक्षा मुलांस प्रत्यक्ष दाखवावे. भोपळ्याच्या वेलावर नराची व मादीची फुले निरनिराळी असतात. मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादीची दोन फुले संध्याकाळी हेरून एकावर पातळ कापडाची पिशवी बांधावी, दुसरे उघडे ठेवावे. फूल मिटल्यावर पिशवी काढावी. आठवड्याच्या आत उघड्या फुलाखालचा भोपळा धरलेला व झाकलेल्याखालचा पिवळा पडून गळालेला दिसतो. काकडी, दोडका, कारले, कलिंगड यांचेही असेच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने कांदा बीजोत्पादनाचा दाखला अधिक बोलका. कांद्याच्या प्रत्येक फुलातील पराग आधी सुटतो व त्याची स्त्रीकेसराग्रे नंतर तयार होतात. तेव्हा त्या फुलास स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, तो दुसऱ्या फुलातून कोणीतरी आणावाच लागतो. त्यातही कांद्याचा मकरंद माशीस फारसा आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा दुसरे आवडते फूल असेल तर ती तिकडे वळते. म्हणून शिवारात माश्या विपुल असाव्या लागतात, आणि शेकडा दहा फुले उमलल्यावर, त्याआधी नव्हे, पेट्या शेतात ठेवाव्या असे सांगितले जाते. कांद्याचे गोंडे भरघोस पण आत बी नाही, अशी तक्रार आली तर खताआधी माश्यांची चौकशी करावी. सूर्यफूल, कारळे, डाळिंब यांसही माशीचा मोठा लाभ होतो. ज्वारी, बाजरी, भात यांस तो होत नाही. उगाच सर्वच पिकांचे श्रेय तिला देऊ नये.

फवारणी फुलोऱ्यात टाळावी. न टाळता येईल तर सूर्यास्तानंतर, माश्या घरी परतल्यावर करावी, व जवळ पेट्या असतील तर मधपालास आदल्या दिवशी कळवावे. सातेरी बहुधा घरापासून एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते. तेवढ्या टापूतील शेतकऱ्यांनी एकमेकांशी बोलून वेळ ठरविली तर काम सोपे होते. हा निरोप घरी पोहोचविण्यास शाळेतील मुलांएवढा खात्रीचा दूत नाही.

वर्षाचे चक्र

सह्याद्रीत पावसाळ्यानंतर पिसा, गेळा, पुढे उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा अशी फुले क्रमाने येतात. कारवी त्या त्या ठिकाणी आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर फुलविते. मकरंद व पराग विपुल असला की वसाहत वाढते, जागा अपुरी पडते, आणि माश्या पोळ्याच्या खालच्या कडेस राणीघरे बांधू लागतात. नवी राणी निघण्यापूर्वी जुनी राणी बऱ्याच माश्या बरोबर घेऊन घर सोडते. हा घोळका आधी एखाद्या फांदीवर लोंबतो व टेहळ्या माश्या जागा शोधून येईपर्यंत तेथेच थांबतो. अशा वेळी माश्यांचे पोट मधाने भरलेले व रक्षणास पोळे नसल्यामुळे त्या सहसा शांत असतात. गावकऱ्यांनी घाबरून त्यावर रॉकेल ओतू नये. मधपालास बोलवावे, तो त्यांस पेटीत घेतो. जोराच्या पावसात फुले नसतात व माश्यांस बाहेर पडता येत नाही. तेव्हा साठविलेला मधच त्यांचा आधार. तो सगळा काढून घेतलेल्या वसाहतीस साखरेचा पाक न दिल्यास ती मरते किंवा उठून जाते.

पोळे जाळून व पिळून मध काढण्याच्या जुन्या रीतीत मधाबरोबर अंडी व अळ्याही पिळल्या जातात, वसाहत नष्ट होते आणि मध लवकर नासतो. पेटीतील चौकट उचलून मधयंत्रात फिरविली तर मध निघतो, पोळे शाबूत राहते व माश्या तेच पोळे पुन्हा भरतात. हे शिक्षण देण्याची सोय पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत, तसेच महाबळेश्वर येथील महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयात आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. शाळेची सहल जवळपास जात असेल तर तेथे मधपालाच्या देखरेखीखाली उघडलेली पेटी मुलांस पाहावयास मिळू शकते. मुलांनी फिकट रंगाचे कपडे घालावे, अंगास सुगंधी तेल लावू नये, व पेटीच्या दारासमोर उभे न राहता बाजूस उभे राहावे.

मध चाखावयास देताना एक दक्षता घ्यावी. एक वर्षाखालील बालकास मध मुळीच चाटवू नये. मधात क्वचित एका जंतूची बीजे असतात. मोठ्यांस ती बाधत नाहीत, पण तान्ह्या मुलाच्या आतड्यात ती वाढून त्यांचे विष स्नायू लुळे पाडते, व बालकाच्या जिवास धोका होतो. मध चांगला, घरचा, डोळ्यांदेखत काढलेला असला तरी हा नियम बदलत नाही. नवजात बालकाच्या जिभेस मध लावण्याची चाल ज्या घरांतून आहे तेथे ही गोष्ट अंगणवाडी सेविकेमार्फत अवश्य कळवावी.